किरणित गहूं आणि पुढची पिढी

सावित्रीकांठच्या महाडांत काय किंवा घाटपायथ्याच्या पोलादपुरांत काय, मृगापूर्वीं आमसुलें, पापड, लोणचें आणि सुकी मासळी यांची बेगमी करण्याची रीत जुनीच. ऊन, मीठ व तेल हे अन्न टिकविण्याचे उपाय माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या जिभेवर व पोटावर पारखले. परंतु अगदीं नवा उपाय निघाला, तर त्याची पारख कोणावर व्हावी?

धान्यावर गॅमा किरण सोडून कीड मारणें हा तसाच उपाय. त्याविषयीं १९७५ सालीं मोठा वाद उद्भवला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं कुपोषित मुलांचे पांच-पांचांचे तीन गट केले होते. ताज्या किरणित गव्हावर पोसलेल्या मुलांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांचे जादा संच आढळल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें. अशा गव्हानें उंदरांच्या वंशबीजासही अपाय होतो, असें त्याच संस्थेंतून पुढें सांगण्यांत आलें. पोळी हें तर लाखों घरांतलें नित्याचें अन्न!

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतही ही परीक्षा झाली. तिची रीत अशी: नरांना किरणित गहूं चारावयाचा, साध्या अन्नावरील माद्यांशीं त्यांचा संयोग घडवावयाचा, आणि गर्भाशयांतील जिवंत व मृत गर्भ मोजावयाचे. साधा गहूं खाणाऱ्या नरांच्या गटाहून मृत गर्भ अधिक भरले, तर दोष पित्याच्या बीजांत. मुंबईस असा दोष आढळला नाहीं.

दोन संस्थांचीं उत्तरें परस्परविरुद्ध! तेव्हां निवाड्याचें काम पी. सी. केशवन आणि सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांजकडे आलें. त्यांनीं १९७६ मध्यें दोन्हीकडील आंकडे तपासले. हैदराबादच्या निष्कर्षांस त्यांत आधार दिसला नाहीं. इतर टीकाकारांनींही दाखविलें कीं, तपासलेल्या पेशी थोड्या होत्या, आणि साधा गहूं खाणाऱ्या मुलांत तशी एकही पेशी नसणें हेंच नवल; निरोगी माणसांतही त्या तुरळक सांपडतातच.

१९८० सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीनें दहा किलोग्रेपर्यंतचे किरण अन्नास निर्धोक ठरविले. भारतांत १९९४ मध्यें कांदे, बटाटे व मसाले यांना, तर १९९८ मध्यें कणीक, रवा, मैदा यांनाही परवानगी मिळाली.

शंका घेणाऱ्यांनीं समाजाचें हितच पाहिलें. परंतु शंकेलाही मोजमापाची कसोटी लागते. आणि ज्या उपायाविषयीं वंशबीजाची भीति आहे, तो आधीं अजाण मुलांच्या ताटांत नव्हे, प्रयोगशाळेंत पारखला जावा, हें या वादाचें शिक्षण विसरण्याजोगें नाहीं.