क्रिप्टोवर टॅक्स लागतो, मग ते चलन का नाही?

वाडीत आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं, "दादा, सरकार क्रिप्टोवर टॅक्स घेतं, म्हणजे ते लीगलच झालं ना?" तुम्हालाही असंच वाटत असेल, तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करू.

कायदेशीर चलन म्हणजे काय?
देणं फेडताना जे नाकारता येत नाही, ते कायदेशीर चलन, म्हणजेच लीगल टेंडर. भारतात नोटा, नाणी आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया यांनाच हा दर्जा आहे. बिटकॉइनला नाही.

मग क्रिप्टोवर बंदी आहे का?
नाही. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला होता. सुप्रीम कोर्टाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२२ च्या बजेटने नफ्यावर ३० टक्के टॅक्स लावला. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे एकात १०,००० कमावले, दुसऱ्यात तेवढेच गमावले, तरी ३,००० रुपये टॅक्स आणि वर सेस भरावाच लागतो.

चलनाचा दर्जा द्यावा का?
माझ्या मते नको. आमच्या वाडीत ट्रान्सपोर्टचा धंदा मोठा आहे. समजा, ट्रकचं भाडं बिटकॉइनमध्ये ठरलं. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार मात्र रुपयांतच द्यायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेला बिटकॉइन वर्षभरात १७,००० च्या खाली आला. अशा भावावर धंद्याचा हिशेब कसा बसवणार? एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, पण जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढली.

मालमत्ता म्हणून मात्र स्पष्ट कायदा हवाच. महिन्याला १० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये कारवाई केली. तोवर अनेकांचे पैसे अडकले होते.

तुम्ही काय करावं?
- एक्स्चेंजची एफआययूकडे नोंदणी आहे का, ते तपासा.
- ठरावीक परताव्याची हमी मिळाली, तर तिथूनच परत फिरा.
- फी किंवा घरभाड्याचे पैसे यात घालू नका.

त्या मुलालाही मी हेच सांगितलं: सरकार टॅक्स घेतं ते नफ्यावर. तुमचे पैसे बुडाले तर ते भरून देण्याची हमी त्यात नाही.