एचपीव्ही लस कशी काम करते आणि लस घेतल्यावरही तपासणी का करावी लागते?

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख महिलांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं आणि ७५ हजारांहून अधिक महिलांचा त्यात मृत्यू होतो. या कर्करोगाचं कारण माहीत आहे, तो रोखणारी लस आहे आणि तो होण्याच्या कित्येक वर्षं आधी त्याची चाहूल तपासणीत लागू शकते. त्यामुळे यातले बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत.

कर्करोग विषाणूमुळे कसा होतो?

जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये या कर्करोगामागे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही असतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये कर्करोगाच्या गाठींमधून या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. जगातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हेच दोन प्रकार सापडतात. या शोधासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

हा विषाणू प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरतो. त्याचा संसर्ग इतका सर्रास होतो की, एचपीव्ही आढळणं म्हणजे कर्करोग होणं नव्हे आणि कुणाच्या चारित्र्याचा तो पुरावाही नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही जणींमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो. त्याची ई-६ आणि ई-७ नावाची प्रथिनं पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात.

मग प्रतिकारशक्ती काय करते?

एचपीव्ही त्वचेच्या आणि अस्तराच्या वरच्या थरातच राहतो. तो रक्तात उतरत नाही आणि पेशी फोडून बाहेरही पडत नाही. त्यामुळे शरीराला धोक्याची सूचना उशिरा आणि क्षीण मिळते, अँटिबॉडीजही कमी तयार होतात.

लशीने नेमकी हीच उणीव भरून काढली. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन प्रयोगशाळेत तयार केलं. या प्रथिनाचे रेणू आपोआप एकमेकांना जुळून हुबेहूब विषाणूसारखा गोळा तयार होतो. मात्र त्याच्या आत विषाणूचा डीएनए नसतो. नारळाची करवंटी आहे, पण आत खोबरंच नाही, असा हा प्रकार. म्हणून लशीमुळे संसर्गही होत नाही आणि कर्करोगही होत नाही.

या गोळ्यावर एकच आकृती शेकडो वेळा ओळीने मांडलेली असते. अशी रचना दिसताच प्रतिकारशक्तीच्या बी पेशी जोमाने कामाला लागतात. दंडातल्या इंजेक्शनमुळे तयार होणाऱ्या अँटिबॉडीजचं प्रमाण नैसर्गिक संसर्गानंतरच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

अमेरिकेत २००६ मध्ये पहिल्या एचपीव्ही लशीला मंजुरी मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

लशीचा उपयोग होतो, हे कशावरून?

इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

भारतातला पुरावा वेगळ्याच वाटेने आला. २००९ मध्ये दोन डोस पुरेत की तीन हवेत, हे तपासणारा अभ्यास देशात सुरू झाला. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रं. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूवरून वाद झाला आणि सरकारने अशा सर्व अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसावा, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. मात्र पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली, त्यावर कडक ताशेरे ओढले गेले.

लसीकरण थांबल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची पुढची सुमारे दहा वर्षं नोंद ठेवली, तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण दिल्याचं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षं वयोगटासाठी एका डोसचा पर्यायही मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यासही आहे.

लस घेतली तरी तपासणी का?

लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही आणि कर्करोग घडवणाऱ्या सर्वच प्रकारांना रोखत नाही. शिवाय आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेक महिलांना ती मिळालेलीच नाही.

तपासणीच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. व्हीआयए चाचणीत गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरा दिसू लागतो. एचपीव्ही डीएनए चाचणीत थेट विषाणूचा शोध घेतात आणि तिचा नमुना महिला स्वतःही घेऊ शकते.

या चाचण्यांचे दोन मोठे अभ्यास महाराष्ट्रातच झाले. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. फक्त एकदा एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच आरोग्यसेवेवर अवलंबून असलेल्या, किंचित लहान गटात ६४. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी व्हीआयए चाचणी केली. तिथे मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं.

कुणी काय करावं?

९ ते १४ वर्षांच्या मुलींना, म्हणजे संसर्गाची शक्यता निर्माण होण्याआधी, लस देणं सर्वात फायद्याचं. तिशीनंतर, लक्षणं नसली तरी, तपासणी करून घ्यावी. एचपीव्ही चाचणी असेल तर ती दर ५ ते १० वर्षांनी पुरते. चाचणीत दोष आढळला तर कर्करोग होण्याआधीच बाधित भाग काढता किंवा नष्ट करता येतो आणि त्यासाठी सहसा रुग्णालयात राहावं लागत नाही. मात्र दोन पाळ्यांच्या मध्ये, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झाला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावं.