टॉम रॉबिन्सनचा डावा हात

अभ्यासवर्गात एक पोरगा उठला आणि म्हणाला, "आपल्या खटल्यांना असा एखादा अ‍ॅटिकस फिंच भेटायला पाहिजे." त्यानं पिक्चर बघितला होता. मी पुस्तक वाचलं होतं. तिथंच जुंपली. मला तिसरी पाळी गाठायची होती म्हणून वाद अर्धाच राहिला. उरलेला अर्धा इथं लिहितोय.

पुस्तकाचं नाव 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. लेखिका हार्पर ली, अलाबामातल्या मन्रोव्हिल गावची, वकिलाची पोरगी. पुस्तक १९६० साली आलं, १९६१ ला त्याला पुलित्झर मिळालं, १९६२ ला पिक्चर निघाला, वकिलाचं काम करणाऱ्या ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं. गोष्ट १९३० नंतरच्या मंदीतली, मेकोंब नावाच्या कल्पित गावातली. टॉम रॉबिन्सन हा काळा शेतमजूर. मायेला यूएल ही गरिबाहून गरीब गोरी पोरगी. तिनं त्याला घरात बोलावून जवळ घेतलं, बापानं खिडकीतून बघितलं, आणि आळ आला टॉमवर, बलात्काराचा. अ‍ॅटिकस फिंच त्याचा वकील. निर्दोष असल्याचं शाबित करतो तरी ज्युरी टॉमला दोषी ठरवते. पुढं तुरुंगातून पळताना पहारेकरी त्याला सतरा गोळ्या घालतात. हे सगळं अ‍ॅटिकसची लहान मुलगी स्काउट सांगते.

मी मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचलं. पहिल्या खेपेला रडलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या खेपेला एका जागी अडकलो तो अजून तिथंच आहे.

टॉमचा डावा हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड आहे. पोरगा असताना तो रेच्यात सापडला. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र. हाडापासून स्नायू सुटले, हात लुळा पडला. कोर्टात हाच हात मोठा पुरावा होतो. मायेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली, म्हणजे मारणारा डावखुरा. टॉमचा डावा हात निकामी आणि तिचा बाप बॉब यूएल डावखुरा. वाचणारे इथं टाळ्या वाजवतात. मी कार्डिंग खात्यात काम करतो. माझ्या डोक्यात पहिला सवाल वेगळाच आला. लहान पोर रेच्यावर काय करत होतं? हात गेला तेव्हा मालकानं काय दिलं? आमच्या खात्यात एका गड्याची दोन बोटं गेली तर चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं लिहून मोकळे झाले. टॉमच्या वेळी तेवढाही कागद झाला नसणार. अख्ख्या पुस्तकात हा सवाल कुणी विचारत नाही. अ‍ॅटिकसही नाही. तो हात त्याच्या कामाचा, पण पुरावा म्हणून.

आता रेचा कुणाचा ते बघा. डॉल्फस रेमंड नावाच्या गोऱ्या जमीनदाराचा. हा माणूस काळ्या बाईबरोबर राहतो, तिच्यापासून त्याला पोरं आहेत. गावाला सगळं ठाऊक आहे. गाव म्हणतं, विक्षिप्त आहे बिचारा, दारू पितो. खरं तर तो कागदी पिशवीत कोकाकोला पितो, लोकांना निमित्त मिळावं म्हणून झिंगल्याचं सोंग करतो. लेखिका त्याला मोठ्या मायेनं रंगवते. मला काय दिसतं? जमीनवाला गोरा काळ्या बाईला जवळ करतो, तिथं गाव डोळे झाकतं. भुकेकंगाल गोरी बाई काळ्या पुरुषाला जवळ करते, तिथं त्या पुरुषाचा जीव जातो. रंग तोच, जमीन वेगळी. टॉमचा हात खाणारा रेचा आणि ही सूट, दोन्हींचा मालक एकच.

रेच्याचा इतिहास आपल्याला माहीत पाहिजे. एली व्हिटनीनं १७९३ साली हे यंत्र काढलं. त्याआधी सरकी हातानं काढायची म्हणजे एका माणसाचा दिवस मूठभर रुईत जायचा. यंत्रानं ते काम झटपट व्हायला लागलं, तशी कापसाची लागवड पसरली आणि वेचायला माणसं पाहिजे झाली. १७९० ला अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० ला चाळीस लाखांच्या घरात गेले. यंत्र आलं की कष्ट कमी होतात असं शाळेत शिकवतात. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिकडचा कापूस लँकेशायरला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी त्या तेजीत अमाप पैसा केला. त्याच यादवीत गुलामी मोडली. जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केलं ते गुलामी मोडणारे अमेरिकेतले भले लोक. हे दोन्ही धागे एकाच कापसाचे.

पुस्तकामागं एक खरा खटला आहे. २५ मार्च १९३१. अलाबामात मालगाडीतून नऊ काळी पोरं उतरवली, धाकटा जेमतेम तेराचा. त्याच गाडीत व्हिक्टोरिया प्राइस आणि रुबी बेट्स या दोन गोऱ्या बायका होत्या. त्यांनी बलात्कार झाल्याचं सांगितलं. स्कॉट्सबरो गावात सुमारे दोन आठवड्यांत खटले उरकले, आठ जणांना फाशीची शिक्षा. बाहेर जमाव उभा.

आता या दोन बायका कोण होत्या? हंट्सव्हिलच्या कापड गिरणीतल्या कामगार. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. माझ्याच धंद्यातल्या! मंदीत पाळ्या कमी झालेल्या, हातात पैसा नाही, काम शोधत फुकट मालगाडीनं फिरणाऱ्या. दक्षिणेतल्या त्या गिरण्यांत साच्यावर, चात्यावर गोरेच. काळ्यांना झाडलोट, गाठी उचलणं, अंगणातली कामं. म्हणजे या बायकांकडं दुसरं काही नव्हतं, पण काळ्याला शिवायची मनाई असलेलं एक मशीन होतं. आपल्याकडं मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला, तेव्हा कुठं पुढाऱ्यांनी नाराजीनं तो मागण्यांत घेतला. लाल झेंड्याखाली सगळे कामगार एक म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो.

पण गोष्ट इथं संपत नाही. रुबी बेट्सनं १९३३ ला कोर्टात उभं राहून सांगितलं की आम्ही खोटं बोललो. मग तीच बाई त्या पोरांच्या आयांबरोबर सुटकेच्या मोर्चात चालली. हार्पर लीच्या पुस्तकात मायेलाला हा रस्ताच नाही. ती कोर्टात ओरडते, रडते, आणि गायब होते. तिच्या उकिरड्यावरच्या घरात फुटक्या भांड्यांतून लावलेली लाल जिरेनियमची रोपं तेवढी लक्षात राहतात. ती रोपं लेखिकेला दिसली, हे तिचं मोठेपण. गोऱ्या कामगार बाईचं मन बदलू शकतं हे मात्र दिसलं नाही. तो इतिहास तर तिच्याच राज्यात घडला होता.

मेकोंबची उतरंड लेखिकेनं अचूक मांडली आहे. स्काउटचा भाऊ जेम म्हणतो की जगात चार तऱ्हेची माणसं आहेत. आपल्यासारखी, कनिंगहॅमसारखी रानातली, उकिरड्यावरच्या यूएलसारखी, आणि काळी. प्रत्येक जण खालच्याला हिणवतो. बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता वाचलेल्याला हे वेगळं समजवायला नको. आत्या अलेक्झांड्रा तर घराणं, रक्त, कुळी हेच बोलत असते. गरीब कनिंगहॅमच्या पोराला घरी खेळायला बोलवायचं नाही म्हणते. आपल्या गावच्या वाड्यातली म्हातारी बोलावी तशी बोलते.

पण बोट शेवटी कुणाकडं जातं? बॉब यूएलकडं. घाणेरडा, दारुडा, आळशी. ज्युरीत बसतात तेही रानातले शेतकरी. मग गावातले प्रतिष्ठित कुठं असतात? अ‍ॅटिकसच मुलांना सांगतो की ते ज्युरीत बसायचं टाळतात, सूट मागून घेतात. एका वाक्यात येऊन जातं हे, आणि पुस्तक पुढं सरकतं. मी तिथं थांबतो. रेच्याचा मालक, बँकवाला, दुकानदार घरी बसले आणि फाशीचं काम गरीब गोऱ्याच्या हातून झालं. हात त्याचे मळले, इस्त्री यांची राहिली. वर चर्चच्या चहाला यांच्या बायका आफ्रिकेतल्या लोकांसाठी डोळे पुसतात, आणि त्याच बैठकीत आपल्या काळ्या मोलकरणी निकालानंतर तोंड पाडून वावरतात म्हणून कुरकुरतात.

कायद्याचंही तसंच. बू रॅडली हा चांगल्या घरातला गोरा. पोरवयात दंगा केला तेव्हा बापाच्या शब्दावर सुटला. पुढं बापाच्या मांडीत कात्री खुपसली, तर काळ्यांच्या शेजारी कोठडीत कसं ठेवायचं म्हणून शेरीफनं कोर्टाच्या तळघरात ठेवला. शेवटी त्याच्या हातून यूएल मरतो तेव्हा शेरीफ म्हणतो की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला, आणि अ‍ॅटिकस मान डोलावतो. बूनं मुलांचा जीव वाचवला हे खरं, त्याला सोडला म्हणून मला वाईट वाटत नाही. पण कायदा वाकतो कुणासाठी ते बघून ठेवा. टॉमसाठी त्याच कायद्याचा एक टाका सैल झाला नाही.

आता झीबो. हे नाव पिक्चर बघणाऱ्यांना आठवणार नाही. फिंचांची स्वयंपाकीण कॅलपुर्निया, तिचा हा पोरगा. गावची कचऱ्याची गाडी चालवतो. गावात पिसाळलेला कुत्रा येतो, अ‍ॅटिकस एका गोळीत लोळवतो आणि पोरांच्या नजरेत हिरो होतो. मेलेलं कुत्रं उचलायला कोण येतं? झीबो. मेलेलं जनावर कुणी ओढायचं, हे आपल्याला मेकोंबला जाऊन शिकायचं नाही. पण हाच झीबो चर्चमध्ये भजनाची एकेक ओळ मोठ्यानं वाचतो आणि सगळी मंडळी त्याच्यामागं म्हणतात, कारण तिथं वाचता येणारे चौघंच. त्याला आईनं शिकवलं, कायद्याच्या जाड पुस्तकातून. माझ्या लेखी मेकोंबचा हिरो हा आहे. लेखिकेनं त्याला दोन-चार पानं दिली.

त्याच चर्चमध्ये लुला नावाची बाई कॅलपुर्नियाला अडवते की गोऱ्यांची पोरं आमच्या चर्चमध्ये कशाला आणलीस. तिला लगेच भांडकुदळ ठरवून गप्प करतात. अख्ख्या पुस्तकात गोऱ्यांच्या तोंडावर सवाल टाकणारं काळं माणूस एवढंच. बाकीचे कोर्टाच्या गॅलरीत बसतात, आणि खटला हरल्यावर अ‍ॅटिकस खालून जाताना उठून उभे राहतात. पोरगा अभ्यासवर्गात म्हणाला, तिथं माझ्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, वेगळ्या कारणानं. ज्यांचा माणूस मरणार आहे त्यांनीच वकिलाला मान द्यायचा.

खऱ्या अलाबामातली काळी माणसं अशी गॅलरीत बसून नव्हती. १९३१ लाच तिथं काळ्या खंडकरी शेतकऱ्यांनी युनियन बांधली, कँप हिलला गोळ्या खाल्ल्या. स्कॉट्सबरोच्या पोरांच्या आया सभांतून बोलल्या, त्यातली एडा राइट १९३२ ला युरोपात फिरून आली. त्याच खटल्यातून १९३२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की फाशीच्या आरोपीला धड वकील मिळालाच पाहिजे, आणि १९३५ ला आला की काळ्यांना ज्युरीतून ठरवून वगळता येणार नाही. मंटगमरीत रेमंड पार्क्स नावाचा न्हावी या पोरांसाठी पैसे गोळा करत होता. त्याची बायको रोझा १ डिसेंबर १९५५ ला बसमधल्या जागेवरून उठली नाही, आणि ३८१ दिवस लोक पायी चालले. हे सगळं घडून गेल्यावर, १९६० ला, जगानं डोक्यावर घेतलेल्या पुस्तकात काळी माणसं उभी राहिली ती वकिलासाठी.

२०१५ ला लीचं आधी लिहिलेलं दुसरं पुस्तक छापलं. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेदवाद्यांच्या सभेत बसलेला दिसतो. वाचकांना धक्का बसला म्हणे. कुळीची भाषा, मालकांचं मौन आणि बूसाठी वाकलेला कायदा पहिल्या पुस्तकात नीट वाचला असता तर बसला नसता.

पोरगा म्हणेल, जुनी गोष्ट आहे. मग ही ऐका. लीच्याच मन्रोव्हिलजवळचा वॉल्टर मॅकमिलियन, काळा लाकूडतोड्या. एका गोऱ्या बाईशी त्याचे संबंध होते हे गावाला कळलेलं. १९८७ ला त्याला एका गोऱ्या तरुणीच्या खुनात पकडलं. खून झाला त्या वेळी तो घरी होता, चर्चसाठी मासे तळून विकायचं काम चाललं होतं, डझनावारी साक्षीदार होते, सगळे काळे. खटला उभा राहायच्या आधीच त्याला फाशीवाल्यांच्या बराकीत टाकलं. खटला काळे कमी असलेल्या दुसऱ्या काउंटीत हलवला, दीड दिवसात संपवला. ज्युरीत अकरा गोरे, एक काळा. त्यांनी जन्मठेप सुचवली, न्यायाधीशानं ती उलटवून मरणाची शिक्षा दिली. न्यायाधीशाचं नाव रॉबर्ट ई. ली की, गुलामी टिकवायला लढलेल्या सेनापतीवरून ठेवलेलं. मॅकमिलियन सुटला १९९३ ला. सोडवणारा वकील ब्रायन स्टीव्हनसन, काळा, गुलामांच्या वंशातला.

आणि मन्रोव्हिलचं जुनं कोर्ट आता म्युझियम आहे. तिथं मॉकिंगबर्डचं नाटक लावतात, लांबून माणसं येतात, ज्युरी प्रेक्षकांतूनच निवडतात.