तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ

कॅप्टन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणवेष, बिल्ले आणि चकचकीत बूट येतात. कुंडलच्या रामचंद्र श्रीपती लाडांजवळ यातले काही नव्हते. विशीतला तरणा मुलगा, पण सारा मुलूख त्यांना कॅप्टन भाऊ म्हणे.

१९४२ च्या 'चले जाव' नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पुढारीपणाखाली साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हाचा सातारा जिल्हा फार मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातली वाळवा, तासगाव ही गावे त्यातच होती. कुंडल मात्र औंध संस्थानात. या सरकारची फौज ती तुफान सेना, आणि भाऊ तिचे कॅप्टन.

७ जून १९४३ ला पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून अडवली. गाडीत सरकारी नोकरांच्या पगाराची रोकड होती. जी. डी. बापू लाड आणि भाऊ पुढे होते. पोरांच्या हातांत कोयते, काठ्या आणि घरी केलेले बाँब. एकोणीस हजारांवर रुपये मिळाले. "गाडी लुटली" असे कुणी म्हटले की भाऊंना ते म्हातारपणीही आवडत नसे. इंग्रजांनी आपल्याच लोकांचा पैसा नेला होता, तो आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. आणि खरेच, त्यातला पैसा कुणी घरी नेला नाही.

पण मला त्या गाडीपेक्षा पुढचे काम मोठे वाटते. गोरा साहेब गेला आणि जमीन सावकाराच्या वहीतच राहिली, तर कुळाच्या बाईला स्वराज्य कसे कळणार? कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबणे ही गुलामीच की! सुमारे ६०० गावांत प्रतिसरकारचा अंमल होता. गावातच न्याय होई, दारू बंद झाली, जुलमी सावकारांना जरब बसली. अपराध्याच्या तळपायांवर फटके बसत, म्हणून लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. ही शिक्षा कठोर होती, मी ती गोड करून सांगणार नाही. लग्ने मात्र हार घालून, बिनखर्चाने लागत. मुलीच्या बापाने लग्नापायी कर्ज काढायचे नाही! आज कार्यालयांचे भाडे पाहिले की हे आठवते.

या कामात बायका मागे नव्हत्या. नानांच्या लेक हौसाताई पोलिसांची हत्यारे आणण्यातही होत्या. भूमिगतांच्या भाकऱ्या कुणी भाजल्या, त्यांची नावे मात्र पुस्तकांत सापडत नाहीत.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही असा एक अधिकारी होता, जॉन लॉरेन्स. बाप गुलामांचा मोठा व्यापारी. मुलगा म्हणे, गुलामांना सैन्यात घ्या आणि मोकळे करा. १७७९ साली काँग्रेसने होकार दिला, पण त्याच्याच प्रांताच्या विधिमंडळाने धुडकावले. १७८२ साली २७ व्या वर्षी तो लढाईत पडला आणि गुलामी पुढे ८० वर्षांवर राहिली.

आपल्या भाऊंना दीर्घायुष्य लाभले. शंभरीला थोडे महिने उरले असताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले. त्याआधी शेणोलीला गाडी अडवली त्या जागी लोक जमले, तेव्हा नव्वदी ओलांडलेले भाऊ स्वतः तिथे उभे होते.