भिंतीवरची वलंदेजी नक्कल

नवा फ्लॅट झाला, सोफा आला, पडदे लागले, की एक प्रश्न उरतोच. हॉलच्या मोठ्या भिंतीवर लावायचं काय? आमच्या टीममधल्या एकाने त्याचं उत्तर नेटवर शोधलं. डच चित्रकार व्हरमीरचं 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' हे चित्र. कॅनव्हासवर, तैलरंगात, हाताने केलेली नक्कल, घरपोच! लंच टेबलवर लगेच दोन तट पडले. एक गट म्हणे, ओरिजिनल परवडत नाही म्हणून डुप्लिकेट लावायचं, यात कसली आलीय कला? दुसरा म्हणे, छापील पोस्टरपेक्षा तरी बरं ना!

मी पडलो रत्नागिरीचा, म्हणजे वाद घालायला कायम तयार. पण या वेळी गप्प बसलो आणि दोन वीकेंड वाचनात घालवले. जे सापडलं ते त्या वादापेक्षा बरंच मजेदार निघालं.

पहिली गोष्ट म्हणजे, ही चित्रं मुळात राजवाड्यांसाठी नव्हतीच. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी आधी हिंदुस्थानात राहून गेला होता. तो १६४० साली ॲमस्टरडॅमला गेला आणि तिथे खाटिक अन् बेकरीवाल्यांच्या दुकानांतसुद्धा चित्रं टांगलेली बघून चकित झाला. त्या शतकात हॉलंडमध्ये काही दशलक्ष चित्रं रंगवली गेली असं अभ्यासक मानतात. आता एवढी सगळी काही उस्तादांच्या हातची नसणार! मोठ्या चित्रकाराच्या कार्यशाळेत शिष्य गुरूच्या चित्रांच्या प्रती करत आणि त्या विकल्याही जात. व्हरमीर १६७५ मध्ये वारला तेव्हा कर्जात बुडालेला होता. त्याच्या बायकोने पावाच्या उधारीपोटी बेकरीवाल्याकडे दोन चित्रं ठेवली. आणि आमच्या मित्राने निवडलेली ती मुलगी? १८८१ साली लिलावात ती जेमतेम दोन गिल्डरला गेली. आज ती हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे आणि तिची किंमत करायची कोणाची टाप नाही.

आता आपल्याकडे येऊ. हे डच, म्हणजे जुन्या मराठी कागदांतले वलंदेज, कोकणाला अजिबात परके नव्हते. वेंगुर्ला १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथे १६३७ पासून त्यांचं ठाणं होतं आणि त्यांच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला ही जागा सोयीची. शिवाजी महाराजांच्या हालचालींची खबरही याच वखारीतून पत्रांनी पुढे जाई. ती पत्रं आज इतिहासकारांच्या कामाला येतात.

या वलंदेजांच्या गलबतांतून मिरी आणि कापड गेलंच, पण चित्रंही गेली. साक्षात रेम्ब्रांटने मोगल चित्रांवरून स्वतःच्या हाताने नकला काढल्या! साधारण १६५६ ते १६६१ मधल्या या नकलांपैकी वीसेक आज शिल्लक आहेत. पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर त्याने शहाजहान काढला, झाडाखाली बसलेले चार मौलवी काढले. ज्याच्या नकला जग घरात लावतं, तो आपल्या चित्रकारांच्या नकला करत बसला होता. आणि ते मूळ चित्रकार कोण? त्यांची नावं बहुतेक कोणालाच ठाऊक नाहीत.

तिसरी गोष्ट वाचून मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. १६८० च्या दशकात गोवळकोंड्याला चित्रकारांचा एक चांगला चालता धंदा होता. मोगल बादशहा, दख्खनचे सुलतान, सरदार यांच्या तसबिरींचे संचच्या संच तयार करून ते युरोपियन गिऱ्हाइकांना विकायचे. पातळ कातड्यावर रेषेरेषेने भोकं पाडायची, खाली कागद ठेवून वरून कोळशाची पूड फिरवायची, की आकृती कागदावर उतरते. मग रंग भरायचे. याला चरबा म्हणत. आपल्या भाषेत सांगायचं तर टेम्प्लेट! असाच एक संच ॲमस्टरडॅमचा महापौर आणि डच कंपनीचा कारभारी निकोलास विट्सेन याच्याकडे पोचला. तो आता तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातली एक तसबीर आहे शिवाजी महाराजांची.

पुढे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच पाद्र्याने आपल्या १७२४ ते १७२६ मधल्या ग्रंथात महाराजांचं चित्र छापलं. मराठी माणसासमोर ते डच चित्र ठळकपणे आणलं ते इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी, १९३३ मध्ये. त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून खपत होतं. आज शाळेत, पतपेढीत, घराच्या दर्शनी भिंतीवर महाराजांचा जो तोंडावळा दिसतो, टोकदार दाढी, सरळ नाक, मंदिलावर तुरा, त्याचा आधार अशाच जुन्या तसबिरी आहेत.

म्हणजे बघा, गोवळकोंड्याच्या त्या कारागिरांना 'डुप्लिकेटवाले' म्हणून हाकलून दिलं असतं, तर आपल्याकडे काय उरलं असतं? एकच अस्सल चित्र असतं तर ते आगीत, लुटीत, वाळवीत केव्हाच गेलं असतं. १६८७ मध्ये तर गोवळकोंडा औरंगजेबाच्या हातीच पडला. नकला झाल्या, विकल्या गेल्या, चार घरी पसरल्या, म्हणून चेहरा वाचला. आपण सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवतो तो याच हिशोबाने.

आज हाच धंदा चीनमध्ये शेनझेनजवळच्या दाफेन गावात चालतो. १९८९ मध्ये हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याने तिथे सुरुवात केली आणि व्हॅन गॉगच्या असंख्य प्रती तिथून जगभर गेल्या. आपल्याकडे कोकणात बोर्ड रंगवणारा पेंटर एखाद्या मंडळासाठी महाराजांचं तैलचित्र करतो, तेही याच परंपरेतलं काम.

तेव्हा माझं मत मित्राच्या बाजूने. नक्कल लावायला काहीच हरकत नाही. खटकतं ते दुसरंच. त्याच्या चित्राबरोबर एक सर्टिफिकेट आलं. त्यावर व्हरमीरचं नाव आहे, कॅनव्हासचा प्रकार आहे, फ्रेमचं लाकूड आहे. ज्याने आठवडाभर मान मोडून ती मुलगी रंगवली त्याचं नाव मात्र नाही. गोवळकोंड्याच्या माणसाचं नाव आपण कायमचं हरवून बसलो, ते आता शोधूनही मिळायचं नाही. याचं अजून मिळेल. मित्राला म्हटलं, विक्रेत्याला एक मेल टाक, रंगवणाऱ्याचं नाव विचार आणि चित्राच्या मागे पेनाने लिहून ठेव.