संवादसाधने आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी

वाचेने बोलणे शक्य नसलेली व्यक्ती अक्षरपाटी, चित्रफलक किंवा टंकलेला मजकूर आवाजात उच्चारणारे यंत्र वापरून आपले म्हणणे मांडू शकते. यांना ‘पूरक व पर्यायी संवादसाधने’ म्हणतात. सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात, स्वमग्नता अशा अनेक कारणांमुळे त्यांची गरज भासते.

नैसर्गिकरीत्या बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२५ ते १५० शब्द उच्चारतो. साधन वापरणाऱ्याचा वेग पुष्कळदा १५ शब्दांच्याही आत असतो. या तफावतीमुळे संभाषणाची सूत्रे बोलणाऱ्याच्या हाती जातात. तो उत्तराची वाट पाहत नाही, दोन शब्द दिसताच वाक्य स्वतःच पूर्ण करतो. समोरच्याच्या वाट्याला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ उरते.

मोजक्या शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्यानेच ठरवला म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण वर्धा जिल्ह्यात घडले. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात आचार्य विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन पाळले. हे मौन स्वेच्छेचे होते. तरीही भेटीस येणाऱ्यांना त्यांच्या संकेतांवरूनच आशय जाणून घ्यावा लागे. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर भेटीस आलेले काँग्रेस नेते वसंत साठे यांना विनोबांनी महाभारतातील ‘अनुशासन पर्व’ हे शीर्षक दाखवले. हे दोन शब्द आणीबाणीचे समर्थन म्हणून देशभर प्रसृत करण्यात आले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला, की अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरले. तोवर मात्र घोषणा रूढ झाली होती.

विनोबांना पुढे बोलून खुलासा करता आला. ज्यांची वाचा कायमची गेली आहे, त्यांना ती सोय नसते. त्यामुळे अर्थाची खातरजमा संभाषण चालू असतानाच व्हावी लागते. त्यासाठी काही पथ्ये सांगितली जातात. प्रश्न सोबतच्या नातेवाइकाला न विचारता त्या व्यक्तीलाच विचारावा आणि उत्तरासाठी शांतपणे थांबावे. परवानगीवाचून वाक्य पूर्ण करू नये. समजलेला आशय मोठ्याने उच्चारून ‘हेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आल्यास पुन्हा आरंभापासून ऐकावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जेलो’ हे चित्राधारित ॲप मराठीतही वापरता येते. साधन हाती आल्यावरही दवाखान्यात, बँकेत वा तहसील कार्यालयात समोरचा माणूस थांबला, तरच त्याचा उपयोग होतो.