ब्रॉडमूरहून आलेल्या चिठ्ठ्या

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या इतिहासात डॉ. विल्यम चेस्टर मायनर यांची हकीकत बहुधा नवलकथा म्हणून सांगितली जाते. त्या नवलापलीकडे एक प्रश्न उरतो : तीव्र मानसिक आजार कायम असताना माणसाच्या हातून उत्तम काम कशामुळे होते?

अमेरिकी सैन्यात शल्यचिकित्सक राहिलेल्या मायनर यांनी १८७२ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात भ्रमाच्या भरात जॉर्ज मेरेट या निरपराध कामगाराला गोळी घातली. वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरून ते ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात आले. रात्री कोणीतरी खोलीत शिरून आपला छळ करते, हा त्यांचा भ्रम पुढे कित्येक दशके टिकला.

कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांकडून अवतरणे मागवली. या कामाची घडणच मायनर यांना मानवणारी होती. ते सुट्या चिठ्ठ्यांत विभागलेले होते. हजेरी नव्हती, सारा व्यवहार टपालाने चाले. रुग्णालयाने त्यांना दोन खोल्या आणि ग्रंथसंग्रह ठेवण्याची मुभा दिली. पुस्तके ते आपल्या निवृत्तिवेतनातून घेत. प्रत्येक ग्रंथातील शब्दांची सूची करून ठेवायची आणि संपादकांना ज्या शब्दाची निकड असेल त्याचीच अवतरणे पाठवायची, ही त्यांची पद्धत. गेल्या चार शतकांतील शब्दप्रयोग केवळ मायनर यांच्या अवतरणांवरून सहज दाखवता येतील, अशा आशयाचे उद्गार मरे यांनी १८९९ मध्ये काढले.

कामाने आजार मात्र बरा झाला नाही. १९०२ मध्ये मायनर यांनी स्वतःला गंभीर इजा करून घेतली. शिवाय त्यांना मिळालेली मोकळीक ही अधिकाऱ्यांची कृपा होती. पुढे आलेल्या कठोर अधीक्षकाने त्यांच्या सवलती काढून घेतल्या, तेव्हा दाद मागण्यास आधार नव्हता. १९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशाने ते मायदेशी गेले. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले.

कृपा आणि हक्क यांतले हे अंतर कायद्याने ओळखायला फार काळ लागला. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश कायम ठेवला आणि कर्मचाऱ्याला वाजवी सोय देणे हे शासकीय आस्थापनांचे कर्तव्य ठरवले. अशी सोय प्रत्यक्षात कशी असते, हे मायनर यांच्या चिठ्ठ्यांवरून कळते : कामाचे लहान तुकडे, स्वतःची गती, निवांत जागा आणि आपले काम कोणाला तरी हवे आहे ही खात्री. माणूस आधी बरा होऊ दे, मग काम देऊ, असे म्हणत मरे थांबले असते, तर कोशाची कित्येक पाने उणी राहिली असती.